सातवीचं पुस्तक परीक्षण: पुस्तक ठरेपर्यंतचे तेवीस दिवस

सोमवार, १२ ऑगस्ट २०२४. मी कामावरून आले तेव्हा मनू शाळेचं कॅलेंडर समोर उघडं टाकून बसली होती. त्यात एक छापील चिठ्ठी चिकटवलेली. मराठी, इयत्ता सातवी, पुस्तक परीक्षण, २० गुण. पुस्तक मूळ मराठी किंवा मराठीत अनुवादित, किमान ८० पानांचं, चित्रकथा चालणार नाही. वर्गात दोघांनी एकच पुस्तक घ्यायचं नाही. पुस्तकाचं नाव ३१ ऑगस्टपर्यंत टीचरकडून मंजूर करून घ्यायचं. परीक्षण हाताने लिहायचं, चारशे ते पाचशे शब्दांत, आणि १५ ऑक्टोबरला जमा करायचं. त्याच दिवशी वर्गासमोर तीन मिनिटं बोलायचं. १५ ऑक्टोबर म्हणजे डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस. २०१५पासून महाराष्ट्रात तो वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात, म्हणून ती तारीख.

मनू इंग्रजी माध्यमात शिकते. मराठी तिला एक विषय म्हणून आहे. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांना मराठी शिकवणं सक्तीचं झालं, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. पण विषय असणं वेगळं आणि सबंध पुस्तक वाचणं वेगळं. घरात आम्ही मराठीच बोलतो, तरी बारा वर्षांच्या माझ्या मुलीने तोवर एकही मराठी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नव्हतं. हे त्या चिठ्ठीमुळे पहिल्यांदा स्पष्ट कळलं आणि रात्री मला झोप लागली नाही. आपण नोकरी, शाळा, क्लास यांच्या धावपळीत काहीतरी हातातून जाऊ दिलं, असं वाटत राहिलं.

हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण त्या दिवसांत वर्गातल्या चार-पाच आयांशी बोलले तेव्हा सगळ्यांची तीच अवस्था होती. गेटवर एकीने विचारलं, "कुठलं तरी सोपं नाव सांगा ना, आजच देऊन टाकते." मीही तसंच एक नाव दिलं होतं. ती माझी पहिली चूक.

मी 'श्यामची आई' ठरवून टाकली. माझ्या आईची प्रत घरात होती, पिवळी पडलेली, पुठ्ठा सुटलेला. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात श्याम एकेका रात्री एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. मी पाचवीत असताना ते रडत रडत वाचलं होतं. मनूही तशीच रडेल, असं मी धरून चालले. १३ तारखेला रात्री तिला घेऊन बसले. तिने दोन पानं वाचली, मग तिसऱ्यावर थांबली. सोवळं म्हणजे काय, हे मी सांगितलं. पुढच्या ओळीत आणखी एक शब्द अडला. अर्ध्या तासात आम्ही पाच पानं केली आणि पाचव्या पानाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते श्यामसाठी नव्हतं. "आई, मला येतच नाही मराठी," म्हणाली. त्या वाक्याने मी हादरले. पुस्तक बंद केलं. पुस्तकात काहीही कमी नव्हतं. ते त्या वेळी तिच्यासाठी नव्हतं, इतकंच. दुसऱ्या दिवशी तर कळलं की वर्गात लावलेल्या यादीत 'श्यामची आई' पहिल्याच दिवशी दुसऱ्या मुलाच्या नावापुढे गेलीय.

यादीबद्दल इथेच सांगते. तुमच्या शाळेतही 'एक पुस्तक एकालाच' असा नियम असेल तर मुलाला रोज यादी बघून यायला सांगा. सगळ्यांना ठाऊक असलेली नावं पहिल्या तीन दिवसांत संपतात. आमच्या वर्गात अडतीस मुलं. शुक्रवारपर्यंत 'फास्टर फेणे', 'बोक्या सातबंडे', 'गोट्या' सगळं गेलं. 'फास्टर फेणे' मालिकेत पुस्तकं बरीच आहेत, त्यामुळे वेगळा भाग चालेल का, असं मनूने विचारलं. टीचर म्हणाल्या, मालिका एकच धरायची. मनू हिरमुसली, कारण फुरसुंगीचा तो सायकलवाला मुलगा तिला खरोखर आवडला असता.

शनिवारी, १७ ऑगस्टला, आम्ही दादरच्या एका वाचनालयात गेलो. लालबागहून बेस्टचं तिकीट तेव्हा पाच रुपये होतं. तिथे गेल्यावर कळलं की सभासद होण्यासाठी आधारकार्डाची प्रत, चालू महिन्याचं किंवा गेल्या महिन्याचं लाइटबिल आणि दोन फोटो लागतात. लाइटबिल सासऱ्यांच्या नावावर, सभासद मी. मग त्यांचं आधार आणि त्यांची सही असलेलं साध्या कागदावरचं संमतीपत्रही आणा, असं सांगितलं. त्या दिवशी रिकाम्या हाताने परतलो. रविवारी अर्धा दिवसच उघडं असतं आणि माझी ड्यूटी होती. सोमवारी वाचनालय बंद. मंगळवारी, २० तारखेला, कामावरून सुटून थेट गेले तेव्हा काम झालं. अनामत ५०० रुपये, ती परत मिळते. प्रवेश शुल्क ५० रुपये. महिन्याची वर्गणी ८० रुपये, पण तीन महिन्यांची एकदम भरावी लागते, म्हणजे २४०. एकूण ७९० रुपये. एका वेळी दोन पुस्तकं, पंधरा दिवसांसाठी. पावती जपून ठेवा, अनामत परत घेताना तीच मागतात.

तिथल्या ग्रंथपाल बाई मनूशी फार चांगलं वागल्या. "कुठलं पुस्तक हवं?" असं विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "शेवटचं काय वाचलंस आणि मजा आली?" मनू म्हणाली, एक इंग्रजी पुस्तक, कुत्र्याचं. त्या म्हणाल्या, "म्हणजे प्राणी आवडतात. आणि एकटी राहते की घरात माणसं आहेत?" मला तेव्हा तो प्रश्न कळला नाही. पुढे कळला.

त्यांनी एक पद्धत सांगितली, ती आम्ही पुढे सगळीकडे वापरली. पुस्तकाचं मधलं एखादं पान उघडायचं आणि मुलाने ते मोठ्याने वाचायचं. अडला शब्द की एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर पुस्तक सध्या बाजूला ठेवायचं. एकही मिटलं नाही तर ते फार सोपं. पहिलं पान वापरू नका, असं त्यांनी बजावलं, कारण पहिल्या पानावर लेखक जपून पावलं टाकतो.

दुसरी गोष्ट मी स्वतः केली, घड्याळ लावून. दहा मिनिटांत मनू किती पानं वाचते ते मोजलं. 'फास्टर फेणे'चं एक पुस्तक शेजाऱ्यांकडून आणून मोजलं तर अडीच पानं. यावरून हिशेब करता येतो. रोज अर्धा तास धरला तर साडेसात पानं; दीडशे पानांचं पुस्तक वीस दिवसांत. मूल 'वाचेन मी' म्हणतं तेव्हा त्याला खरंच वाटत असतं, पण वेळ पुरेल की नाही हे आकड्यांवरून कळतं. आम्हाला सप्टेंबरच फक्त हाताशी होता आणि त्यातले अकरा दिवस गणपतीचे. लालबागमध्ये त्या अकरा दिवसांत काय असतं, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

२० तारखेला वाचनालयातून आणलेली दोन पुस्तकं म्हणजे वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' आणि डॉ. जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह. 'कार्व्हर' मनूने दोन दिवस वाचलं. गुलामगिरीतून वर आलेल्या, भुईमुगावर जन्म घालवलेल्या त्या शास्त्रज्ञाची गोष्ट तिला आवडली, पण यादीत बघितलं तर तेही गेलेलं. 'यक्षांची देणगी' शिल्लक होतं. त्यात वेगळीच अडचण आली. कथासंग्रहावर पाचशे शब्दांत लिहायचं कसं? प्रत्येक कथेला चार ओळी दिल्या तर परीक्षण म्हणजे अनुक्रमणिका होते. एकच कथा घेतली तर टीचर म्हणणार, बाकीचं वाचलं नाहीस. मोठ्या मुलांना हे जमेल. पहिल्यांदाच परीक्षण लिहिणाऱ्या मुलाने एकसंध गोष्टीचं पुस्तक घ्यावं, असं माझं मत झालं. विज्ञानकथा तिने नंतर सुट्टीत वाचल्या, ते वेगळं.

रविवारी, २५ ऑगस्टला, आम्ही माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर गेलो. तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, पण मराठी मुलांची पुस्तकं शोधावी लागतात. अभ्यासाच्या गाइडांखाली हात घालून घालून 'तोत्तोचान' मिळालं, साठ रुपयांना. रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या जपानी शाळेची गोष्ट, चेतना सरदेशमुख गोसावींचा मराठी अनुवाद. परतताना दादर पश्चिमेला छबिलदास गल्लीत आयडियलमध्ये गेलो. तिथे उभ्याने पुस्तकं चाळता येतात. बोटं मिटायची परीक्षा मनूने तिथेच सात-आठ पुस्तकांवर केली, हळू आवाजात. मला लाज वाटत होती, तिला वाटत नव्हती.

'तोत्तोचान' परीक्षेत पास झालं. दोनच बोटं मिटली, दहा मिनिटांत तीन पानं झाली, यादीतही नव्हतं. मी सुटकेचा श्वास सोडला आणि मंगळवारी, दहीहंडीच्या दिवशी, मंजुरीच्या फॉर्मवर पेन्सिलीने ते नाव लिहून ठेवलं. त्यात पुस्तक, लेखक, अनुवादक, प्रकाशक, पानं, किंमत आणि 'मी हे पुस्तक का निवडले' यासाठी चार ओळी होत्या. त्या चार ओळी मनूला सुचेनात. "सोपं आहे म्हणून," ती म्हणाली. मी म्हटलं, असं लिहू नकोस. पण काय लिहायचं ते मलाही सुचलं नाही.

आता आबांबद्दल. आबा म्हणजे माझे सासरे. वय ६९. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातली त्यांची वाडी. १९७२च्या दुष्काळानंतर, ७३मध्ये, चुलत्याबरोबर मुंबईला आले आणि गिरणीत लागले. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. त्यानंतर गिरणीत परत गेले नाहीत. वॉचमनची नोकरी केली, हमाली केली. शाळा चौथीपर्यंत. पेपर रोज वाचतात, ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत.

'कार्व्हर' परत करायला गेले तेव्हा त्या जागी मी स्वतःसाठी एक पुस्तक घेतलं होतं, व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. कॉलेजात वाचायचं राहून गेलेलं. ते टेबलावर पडलं होतं. बुधवारी, २८ तारखेला, मी संध्याकाळी घरी आले तर गॅलरीत आबा खुर्चीवर बसून ते मोठ्याने वाचत होते आणि मनू उंबऱ्यावर बसून ऐकत होती. एक तरुण मास्तर पायी चालत धनगरांच्या एका वाडीत शाळा चालवायला येतो, तिथला भाग होता. मध्येच आबा थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, "आगं, ह्यो आमच्याकडचाच मानूस लिवणारा. माडगुळ्याचा. आमच्या वाडीपास्नं लई लांब न्हाई." मग हसले. मी त्यांना पुस्तक वाचताना हसलेलं कधी बघितलं नव्हतं.

रात्री मनू म्हणाली, "मला हेच घ्यायचंय."

मी नाही म्हटलं. तिला मधलं पान वाचायला लावलं. पाचवं बोट अर्ध्या पानावरच मिटलं. दहा मिनिटांत दीड पान. परीक्षेत पुस्तक नापास होतं, सरळ नापास. शिवाय ते मुलांसाठी लिहिलेलं नाही. १९५५मध्ये प्रसिद्ध झालेली, मोठ्यांसाठीची कादंबरी आहे. हातात 'तोत्तोचान'सारखं सोपं, सुंदर पुस्तक तयार असताना हा हट्ट कशाला? मनू म्हणाली, "अडलं तर आबांना विचारीन. त्यांना सगळे शब्द येतात."

तेव्हा ग्रंथपाल बाईंचा तो प्रश्न मला आठवला, घरात माणसं आहेत का.

त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत बसून ती कादंबरी स्वतः वाचून काढली. हे सगळ्या पालकांनी करावं, निदान मोठ्यांचं पुस्तक असेल तर नक्की. त्यात काही प्रसंग मोठ्या माणसांचे आहेत, स्त्री-पुरुष संबंधांविषयीचे, चोरी आणि मारामारीचे. सातवीच्या मुलीला समजावून सांगता येणार नाही असं त्यात मला काही सापडलं नाही. पानं साधारण १३०. सकाळी मनूला म्हटलं, हिशेब तू कर. दहा मिनिटांत दीड पान, म्हणजे अर्ध्या तासात साडेचार, म्हणजे १३० पानांना एकोणतीस दिवस. ४ सप्टेंबरला सुरू केलं तर २ ऑक्टोबर. लिहायला तेरा दिवस उरतात. तिने तो हिशेब कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहिला आणि खाली सही केली.

फॉर्मवरच्या चार ओळी तिने पाच मिनिटांत लिहिल्या: 'माझे आजोबा ज्या गावातून आले तसे गाव या पुस्तकात आहे. त्यांना ते वाचताना हसू आले. मला ते हसू कशाचे आहे ते बघायचे आहे.' मी एक शब्द बदलला नाही.

शुक्रवारी, ३० ऑगस्टला, फॉर्म दिला. टीचर रजेवर होत्या. शनिवारी शेवटची तारीख, त्या दिवशीही नव्हत्या. मुलीला म्हटलं, फॉर्म ऑफिसात देऊन त्याच्यावर तारखेचा शिक्का मारून घे. हे जरूर करा. कारण सोमवारी काही मुलांना उशीर झाल्याचं सांगण्यात आलं, मनूच्या फॉर्मवर मात्र ३१ ऑगस्टचा शिक्का होता. तरी मंजुरी लगेच मिळाली नाही. हे पुस्तक वरच्या वर्गासाठी आहे, पालकांनी ते वाचलंय का, तसं कॅलेंडरमध्ये लिहून द्या, असा निरोप आला. मी लिहून दिलं: पुस्तक मी पूर्ण वाचलं आहे, घरी आजोबा सोबत वाचणार आहेत. मंगळवारी, ३ सप्टेंबरला, लाल पेनाने 'मंजूर' असं लिहून आलं. १२ ऑगस्टपासून मोजले तर तेविसावा दिवस. मनूने ते पान मला दाखवलं नाही, आधी आबांना दाखवलं.

वाचनाची वेळ सकाळी सहाची ठरली. ७ सप्टेंबरला गणपती बसले आणि संध्याकाळी घरात बोललेलं ऐकू येईना. रस्त्यावर रांगा, बॅरिकेड, ढोल, रात्री तीनपर्यंत लाउडस्पीकर नाही तरी माणसांचा आवाज. पण सकाळी सहा ते साडेसहा ही एक वेळ अशी असते की लालबागसुद्धा जरा डोळा मिटतं. आबा चहाचा कप घेऊन बसत, मनू वाचे. अडलेला शब्द ती वहीत लिही आणि समोर आबांनी सांगितलेला अर्थ, त्यांच्याच भाषेत.

ती वही माझ्याकडे अजून आहे. पहिलाच शब्द 'तालीम'. मनूला तालीम म्हणजे शाळेच्या नाटकाची ठाऊक. आबांनी सांगितलं, जिथं लाल माती टाकून कुस्ती खेळतात ती. पुस्तकात मास्तर वाडीतल्या माणसांच्या मेहनतीने तालीम बांधून घेतो. वाडी औंध संस्थानातली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे ज्यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला ते, हे मी तिला सांगितलं. शाळेत पीटीच्या तासाला घालतात ते नमस्कार आणि हे पुस्तक एका धाग्यात आलं तेव्हा ती उठून उभी राहिली. 'कारभारी' हा शब्द नवऱ्यासाठी वापरतात एवढंच तिला माहीत होतं. गावाचा कारभार बघणारा म्हातारा असा अर्थ आबांनी सांगितला. 'रामोशी' या शब्दावर ते बराच वेळ बोलले. इंग्रजांनी कायदा करून काही जमातींवर जन्मापासून गुन्हेगार असा शिक्का मारला होता, हे मी जोडलं. पुस्तकातला आनंदा रामोशी मनूचा सगळ्यात आवडता झाला.

'औत' समजावताना आबांनी माझ्या दोन फूटपट्ट्या आणि राखीचा दोरा घेऊन टेबलावर जू बांधून दाखवलं. कारण पुस्तकातल्या त्या भागात बैल नसल्यामुळे एका शेतकऱ्याची बायको बैलाच्या जागी स्वतः औताला मान देते. मनूने ते पान वाचलं आणि पुढे वाचेना. "असं खरंच करत होते?" आबा म्हणाले, "म्या बघितलंय." त्या दिवशी अर्ध्या तासात दोनच पानं झाली. हिशेब चुकला. चुकू द्या असे दिवस.

१७ सप्टेंबरला विसर्जन झालं आणि पंधरा दिवसांची मुदत संपून गेल्याचं मला १९ला लक्षात आलं. उशिराचा दंड रोज एक रुपया. पुस्तक बरोबर नेऊन पुन्हा पंधरा दिवसांची तारीख मारून घेतली. कुणी नंबर लावलेला असेल तर मुदत वाढवून देत नाहीत, तेव्हा आधीच विचारून ठेवा.

पुस्तकाच्या शेवटी दुष्काळ पडतो. तिथवर आलो तेव्हा एका सकाळी आबा चहा घेऊन बसले नाहीत. मनूने हाक मारली. ते म्हणाले, "फुडलं तू वाच बाळा. ते मला ठावं हाय." त्यांनी १९७२ आम्हाला कधी सांगितलेलं नव्हतं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, मीही ऐकलेलं नव्हतं. आम्ही आग्रह केला नाही.

२५ सप्टेंबरला संध्याकाळी मुंबईत धो धो पाऊस पडला, मी परळहून गुडघाभर पाण्यातून घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी शाळांना सुट्टी जाहीर झाली. २६ला मनूने खिडकीत बसून उरलेली पानं एका बैठकीत संपवली. बाहेर पन्हाळीतून पाणी कोसळत होतं आणि ती आत पाण्यावाचून ओस पडत चाललेल्या वाडीचं वाचत होती. संपल्यावर ती आबांच्या खोलीत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी खायची, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी गिळवत नसत, हे त्यांनी तिला सांगितलं. मला ते तिच्याकडून कळलं.

आता लिहिण्याचं थोडक्यात. पहिला कच्चा मसुदा २९ सप्टेंबरला झाला, साडेसातशे शब्दांचा, आणि त्यात फक्त गोष्ट होती. मास्तर आला, मग असं झालं, मग तसं झालं. बहुतेक मुलांचं हेच होतं. मी तिच्या हातून पेन घेतला नाही, पण तसं करावंसं वाटलं होतं हे खरं. मोबाइलवर तयार सारांश मिळतात, तेही तिला उघडू दिले नाहीत. टीचरना ते लगेच ओळखू येतात. मी तिला एकच सांगितलं, गोष्टीला दीडशे शब्द दे, बाकीच्यात तुला काय दिसलं ते लिही. गुणांची विभागणी आधी विचारून घ्या, त्याचा उपयोग होतो: पुस्तकाची माहिती ५, आशय ५, स्वतःचं मत ५, तोंडी ५. माहितीचे पाच गुण पुस्तकाच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर छापलेलेच असतात. तुमच्या हातातली आवृत्ती कितवी आणि पहिली आवृत्ती कधीची, हे दोन्ही लिहा. नव्या आवृत्तीचं साल पहिल्या आवृत्तीचं म्हणून लिहिण्याची चूक फार होते.

'स्वतःचं मत' या भागात तिने लिहिलं की मास्तर वाडीतल्या मुलांना शिकवायला आला, पण पुस्तकभर वाडीच मास्तरला शिकवते. आणि मुलं निघून गेल्यावर शाळेला काय अर्थ उरतो, असा प्रश्न विचारला. ही ओळ तिची आहे. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी ३ ऑक्टोबरला टीव्हीवर आली तेव्हा ती जमिनीवर पालथी पडून चौथा मसुदा उतरवत होती आणि ऱ्हस्व-दीर्घासाठी मला दर दोन ओळींना हाक मारत होती. दसऱ्याला पक्की प्रत झाली. मुखपृष्ठावर तिने मेंढरं काढली आणि त्यांच्याभोवती जाळीचं कुंपण. त्याला वाघर म्हणतात, हा शब्द आबांचा.

१५ ऑक्टोबरला तोंडी झालं. घरी सात वेळा सराव केला होता, तरी वर्गात ती सुरुवातीला अडखळली. टीचरनी विचारलं, "यातला कुठला शब्द तुला आधी येत नव्हता?" तिने वाघर सांगितला आणि मग स्वतःच म्हणाली की तो पुस्तकातून नाही, आजोबांकडून आलाय. एकूण २०पैकी १६ मिळाले. शुद्धलेखनाचे दोन गेले, मर्यादेपेक्षा बारा शब्द जास्त झाले त्याचा एक, तोंडीतला एक. 'तोत्तोचान' घेतलेल्या मुलीला १९ मिळाले. ती मनूची मैत्रीण, आमचीच साठ रुपयांची प्रत तिने वाचली.

ज्यांना वाचनालय जवळ नाही त्यांच्यासाठी एक सांगायचं राहिलं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. ८० पानांच्या अटीत मासिक बसत नाही, पण मुलाचा मराठी वाचायचा वेग वाढवायला त्यासारखं दुसरं काही नाही. जूनमध्येच सुरू करा, ऑगस्टच्या चिठ्ठीची वाट बघू नका.

१९ ऑक्टोबरला शनिवारी आम्ही तिघं वाचनालयात गेलो, आबा पहिल्यांदाच. पुस्तक परत केलं. पुन्हा उशीर झाला होता, त्याचा दंड भरला. आबांनी काउंटरवर विचारलं, "ह्याच मानसाचं आनी काय हाय का?" बाईंनी 'माणदेशी माणसं' काढून दिलं आणि दिवाळीत वाचनालय बंद राहणार म्हणून परतीची तारीख एक आठवडा पुढची मारली, १० नोव्हेंबर.